बंड्याच्या टँकमधली अकरा पानं

शरयू,

एक गोष्ट तुझ्यापासून लपवून ठेवली होती, ती आज सांगणार आहे. नेहा म्हणते, बाबा, आता कशाला? पण सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. बंड्याच्या टँकमधली तुझी मनी प्लांटची वेल जानेवारीतच मेली. मीच मारली. त्यानंतर दर रविवारी तुला जी नवी पानं सांगत होतो, त्या सगळ्या थापा होत्या. टँकमध्ये प्लास्टिकची वेल होती.

झालं, सांगितलं. 

तुला जाऊन बावीस दिवस झाले. घर माणसांनी भरलं होतं ते रिकामं झालं. फ्रीजमध्ये अजून ॲल्युमिनियमचे तीन ट्रे आहेत. एक मंदाताईंचा मसालेभात, एक कोणाचा तरी पुलाव, आणि तिसऱ्यात काय आहे ते झाकण उघडून बघायचाही मला कंटाळा आलाय. ड्राइव्हवेच्या कडेचा बर्फाचा ढीग काळा पडलाय, पण वितळायचं नाव नाही. सगळे म्हणतात, काका, थोडे दिवस इंडियात जाऊन या. कोणाकडे जाऊ? थकलोय गं. झोपून उठलो तरी थकलेलाच असतो.

तर बंड्याचं. क्रमानं सांगतो, माझी सवय तुला माहीत आहे. नेहा कॉलेजला गेली तो ऑगस्ट. डॉर्ममध्ये साप चालत नाही, म्हणून तिनं आपल्या बेसमेंटमध्ये तो केशरी कॉर्न स्नेक ठेवला आणि म्हणाली, "जस्ट वन सेमिस्टर, आई." त्या एका सेमिस्टरची अडीच वर्षं झाली. तिनं त्याचं नाव ठेवलं होतं कॉपर. तू दुसऱ्याच दिवशी बंड्या केलंस. नाव ठेवलंस खरं, पण पहिला आठवडाभर तू जिन्याच्या चौथ्या पायरीच्या खाली उतरली नाहीस. तिथूनच विचारायचीस, "आहे ना जागेवर?" जसा काही तो गाडी काढून कुठे जाणार होता.

मग एक दिवस उतरलीस, आणि तुला धक्का बसला तो सापाचा नाही. टँकच्या तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं, एक पाण्याची वाटी, एक पुठ्ठ्याची नळी. बस. "अहो, हे काय? लॉजवर उतरल्यासारखा राहतोय बिचारा!" मी म्हटलं, प्लास्टिकची झाडं आणू. धुता येतात, मरत नाहीत, सापाला कुठला फरक कळतोय. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी निमूट टीव्हीकडे वळलो. आपला वाद त्या दिवशी सुरू झाला. मी प्लास्टिकच्या बाजूचा, तू खऱ्याच्या. तो वाद तसाच अर्धवट राहिला, आणि मी असा काही जिंकलो की कोणाला तोंड दाखवायला नको.

शरयू, तू एमेस्सी बॉटनी होतीस. फर्स्ट क्लास, नागपूर. लग्न करून माझ्या मागे इथे आलीस आणि शाळेच्या ऑफिसात मुलांची हजेरी भरत बसलीस. तीस वर्षांत एकाही माणसानं तुला झाडाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. पाहुण्यांना सांगताना मी "शी वर्क्स इन द स्कूल सिस्टिम" म्हणायचो आणि तू वाट्यांतून श्रीखंड वाढत असायचीस. हे मला तेव्हा खटकलं नाही. आता खटकून काय उपयोग, पण खटकतंय.

बेसमेंटमध्ये मात्र तू वेगळीच होतीस. चष्मा कपाळावर, हातात वही. मी विचारलं, एवढं काय बघायचं असतं, विषारी नसलं म्हणजे झालं. तू म्हणालीस, "अहो, साप पानं खातो का? विष बिष सोडा. त्याला टोचायला नको, त्याच्या वजनानं मोडायला नको, आणि दुकानातून फवारून आलेलं नको." मग मला समोर बसवून अर्धा तास शिकवलंस. झाडाला ओल हवी आणि या सापाला कोरडं हवं. ओल जास्त झाली की त्याच्या पोटाखालची खवलं कुजतात. म्हणून टँकच्या तळाला भुसा घालून कुंडी त्यात पुरायची, पाणी कुंडीतच राहायला पाहिजे. वर गोल खडे, म्हणजे हा माती उकरणार नाही. दिवा लागतो त्या कोपऱ्यात काही लावायचं नाही. मी निवृत्त इंजिनियर, चाळीस मीटिंगांतून एवढं नीट कोणी समजावून सांगितलेलं ऐकलं नव्हतं. पण तसं म्हणालो नाही. "बरं, बरं," म्हणालो.

आणि तो तुझा नियम! दुकानातून आणलेलं झाड सरळ टँकमध्ये जायचं नाही. आधी लाँड्रीतल्या सिंकमध्ये मुळं धुवायची, दुकानातली माती पार काढून टाकायची, नव्या मातीत लावायचं, आणि महिनाभर खिडकीशी वेगळं ठेवायचं. महिना म्हणजे महिना. मी एकदा म्हटलं, तीन आठवडे झाले की, त्यावर तू म्हणालीस, "लग्नाच्या वेळी तुमच्या आईनं पण असंच केलं होतं, मुहूर्ताच्या आधीच अक्षता." मला अजून त्याचा अर्थ लागलेला नाही, पण झाड महिनाभर खिडकीशीच राहिलं.

झाडं तरी किती मेली! पहिलं ते नाजूक खोडाचं फायकस, बंड्या त्याच्यावर चढला आणि ते मध्येच मोडलं. मग ते तलवारीसारख्या उभ्या पानांचं. चांगलं होतं, पण याने रोज रात्री त्याच्या बुडाशी अंग घासून घासून ते आडवं केलं. नेचा बरा तग धरून होता, तर नागपंचमी आली. मंदाताई आणि त्यांच्या तीन मैत्रिणी लाह्या, दूध, हळदकुंकू घेऊन दारात. "शरयू, इथे अमेरिकेत खरा नाग कुठे बघायला मिळतो गं!" तू समजावलंस, तो नाग नाही, दूध पीत नाही, आणि झाडांना हात लावू नका. सगळ्या "हो हो" म्हणाल्या. तू वर चहा करायला गेलीस तेवढ्यात मंदाताईंनी दुधाची वाटी नेच्याच्या कुंडीत ओतली. चार दिवसांनी बेसमेंटमध्ये असा वास सुटला की मला वाटलं सापच गेला. तू पानापानावरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलंस, पण नेचा काही वाचला नाही. मंदाताईंना तू कधीच सांगितलं नाहीस. त्या अजून सर्वांना सांगतात, त्या वर्षी नागोबानं वाटीभर दूध प्यायलं.

गंमत म्हणजे आपण दोघं अंडंसुद्धा न खाणारे, आणि गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये आईस्क्रीमच्या डब्यात गोठवलेले उंदीर. डब्यावर तुझ्या अक्षरात "नेहाचं." दर दहा दिवसांनी तू चिमट्यानं एक काढायचीस, गरम पाण्यात ठेवायचीस, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटायचीस. मी एकदा विचारलं, काय म्हणतेस? तू म्हणालीस, "सॉरी म्हणते त्याला."

शेवटी मनी प्लांट. आपल्याकडे ज्याच्या-त्याच्या घरी दारूच्या रिकाम्या बाटलीत वाढतो तो. तो मात्र टिकला. वर्षभरात त्याने काचेची मागची बाजू भरून टाकली. बंड्या त्याच्यात तोंड खुपसून झोपायचा आणि तू खुर्ची टाकून समोर बसायचीस. संध्याकाळी मी खाली आलो की तुझी पाठ दिसायची, आणि तू न वळता म्हणायचीस, "बघा, कसा बसलाय." मीही बघायचो. आपण तासन्‌तास बोलायचो नाही. आपल्या लग्नातले सगळ्यात चांगले तास ते होते असं मला वाटतं. तुला काय वाटायचं ते विचारलं नाही.

मग कॅन्सर आला. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, मला कंटाळा आलाय त्या शब्दाचा. तुझं जिने उतरणं थांबलं. खालचं सगळं माझ्याकडे आलं.

जानेवारीत तुला दोन दिवस ॲडमिट केलं होतं. मी ठरवलं, तू घरी येशील तेव्हा टँक चकाचक पाहिजे. तू खाली येणार नव्हतीस तरी. लाँड्रीचं सिंक तुझ्या चादरींनी भरलं होतं, म्हणून कुंडी उपसून वर गॅरेजमध्ये नेली, तिथे खडे धुवू म्हटलं. कुंडी खाली ठेवली आणि घरात फोन वाजला. नर्स. तुझा ताप चढलाय, डॉक्टरांना बोलायचंय. मी कोट अडकवला आणि निघालो. गॅरेजचं दार खाली पडतानाचा आवाज मला आठवतो, कुंडी नाही आठवली. बाहेर मायनस पंधरा. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो तर पानं काळी, काचेसारखी, हात लावला तर मऊ. मनी प्लांट मारला मी, शरयू! जो कोणाच्याच हातून मरत नाही तो!

दुकानात गेलो होतो. मनी प्लांट होते तिथे. पण मग मुळं धुवा, माती बदला, महिनाभर खिडकीशी ठेवा. महिना कुठून आणू? तू उद्या घरी येणार होतीस. तुझाच नियम मोडून कीटकनाशकवालं झाड आत लावलं आणि बंड्याला काही झालं तर? म्हणून मी शेजारच्या क्राफ्टच्या दुकानात शिरलो आणि प्लास्टिकची वेल घेतली. एका महिन्यापुरती, असं स्वतःला सांगितलं.

घरी आल्यावर, अजून कोटही काढला नव्हतास, सोफ्यावर टेकलीस आणि विचारलंस, "माझी वेल कशी आहे हो?"

मी म्हणालो, "मजेत. नवीन पान आलंय."

हे दुसरं वाक्य कशाला जोडलं, देव जाणे. "मजेत" एवढं पुरलं असतं. पण तुझा चेहरा जरा उजळला आणि मी तिथेच फसलो. दुसऱ्या रविवारी चहाच्या वेळी तू परत विचारलंस. मी म्हणालो, आणखी एक. आयुष्यभर दर आठवड्याला प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहिलेला माणूस मी. मागच्या आठवड्याच्या पुढे काहीतरी दाखवावं लागतं, नाहीतर वरचे विचारतात. मग दर रविवारी एक पान. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. कॅलेंडरवर बारीक टिंबं करून ठेवायचो, आकड्यात चूक नको म्हणून.

तू पण काय काय विचारायचीस! "रंग कसा आहे?" पोपटी. "केवढं?" तळहाताएवढं. एकदा विचारलंस, "मागच्या आठवड्यातलं उलगडलं का?" मला कुठे माहीत की पान गुंडाळलेलं येतं आणि सावकाश उलगडतं! मी ठोकून दिलं, "ते आलं तेव्हाच उलगडलेलं होतं." तू खिडकीकडे तोंड फिरवलंस आणि म्हणालीस, "वा." मला वाटलं तुला खोकला येतोय. पाणी आणायला धावलो.

मार्चच्या मध्यापर्यंत अकरा पानं झाली. बाराव्याच्या आधी तू गेलीस.

मला काय खात होतं ते सांगतो. तू गेल्यावर लोक येऊन बसायचे, म्हणायचे, काका, तुम्ही फार केलंत हो त्यांचं. मी मान हलवायचो. आणि मनात एकच, की शेवटचे अडीच महिने मी हिला फसवलं. हिला एकच गोष्ट आवडत होती, तीही मी हिला खोटी दिली. तिला हे न कळताच ती गेली, आणि आता तिला सांगायची सोय नाही. जेवण जात नव्हतं मला. मंदाताईंना वाटलं दुःखानं. दुःख होतंच, पण लाजही होती.

मागच्या रविवारी नेहा बंड्याला खायला घालायला खाली गेली होती. मी पाठोपाठ गेलो. ठरवून गेलो होतो की आज हिला सांगायचं, कोणाला तरी सांगायचंच. ती खुर्ची टाकून समोर बसली होती, तुझ्यासारखीच, हातात ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसत होती.

मी म्हणालो, "नेहा, ते झाड..."

"प्लास्टिक आहे. आय नो, बाबा."

"हात लावल्यावर कळलं ना?"

"नाही. आईनं सांगितलं. जानेवारीतच."

मी जिन्यावर बसलो. ती म्हणाली, "तिनं फोन केला होता. शी वॉज लाफिंग सो हार्ड, बाबा, मला वाटलं रडतेय. म्हणाली, तुझे बाबा दर रविवारी एक पान काढतात. मिनेसोटात, जानेवारीत, बेसमेंटमध्ये! एकदम उलगडलेलं! म्हणाली, वेल मेलेली दिसतेय, आणि त्यांनी नक्की प्लास्टिकची लावलीय. म्हणाली, हे असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत बंड्याला जागा उरणार नाही."

"मग मला का नाही बोलली?"

"मी पण विचारलं तिला. ती म्हणाली, नको सांगू, त्यांना सांगताना बरं वाटतं."

शरयू, मी हसलो. खरंच हसलो, तू गेल्यापासून पहिल्यांदा. नेहाही हसली, आम्ही दोघं त्या बेसमेंटमध्ये येड्यासारखे हसत होतो आणि बंड्या जीभ काढून बघत होता. मग मला राग आला तुझा. एवढी हुशार बाई तू, एका शब्दानं सांगितलं असतंस, अहो, पुरे करा, माहीत आहे मला, तर मी रडून मोकळा झालो असतो. तू मला अकरा आठवडे नाटक करू दिलंस. प्रश्न विचारून विचारून करू दिलंस. वर "वा" म्हणालीस.

नेहानं काल एक खरा मनी प्लांट आणलाय. मुळं धुतली, आम्ही दोघांनी मिळून. तो लाँड्रीच्या खिडकीशी आहे, एक महिना. माझ्याकडून कमी होणार नाही. बंड्या कुठे जाणार नाही, हे मी तिला सांगून टाकलंय. तिनं अपार्टमेंटमध्ये न्यायचं काढलं होतं.

पण त्या दिवशी हसून झाल्यावर मी जिन्यावर बसूनच होतो आणि मला दुसरंच काहीतरी आठवायला लागलं. रोज सकाळी पडदा सरकवला की मी विचारायचो, कसं वाटतंय? आणि तू म्हणायचीस, "आज जरा बरं वाटतंय." रोज. एकही दिवस चुकला नाही. तेच मी डॉक्टरांना सांगायचो, नातेवाइकांना फोनवर सांगायचो, त्याच भरवशावर दुपारी डुलकी काढायचो. रोज जरा बरं. जानेवारीत जरा बरं, फेब्रुवारीत जरा बरं, मार्चमध्ये उठून बसता येत नव्हतं तेव्हाही जरा बरं. मी इंजिनियर, मी एकदाही बेरीज करून बघितली नाही.

मी नेहाला विचारलं, "दुखण्याबद्दल काय म्हणायची तुला?"

ती पानं पुसत राहिली.

"नेहा, खूप दुखायचं का तिला?"

ती म्हणाली, "बाबा, प्लीज. ते मला नको विचारू."

मला कळलं. पान एकही येत नव्हतं, शरयू, आणि तुला एक दिवसही बरं वाटत नव्हतं. दोघांनी दोघांना सांभाळलं, आणि एकाच पलंगावर शेजारी शेजारी बसून चहा पीत राहिलो. एकदा तरी, एका रविवारी, दोघं मिळून रडलो असतो गं.